उन्हाळ्यात पुण्याजवळ एक दिवसाची सहल काढताय? आधी वेळ ठरवा, मग ठिकाण

मार्च महिना लागला की शाळा-कॉलेजच्या परीक्षा, ऑफिसमधलं इयर एंडिंग आणि घरातली साफसफाई एकदमच सुरू होते. त्यातून एक रविवार मोकळा मिळतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, "कुठेतरी जाऊया ना यार." मग पोल होतो, सिंहगड जिंकतो आणि सातला निघायचं ठरतं. प्रत्यक्षात गाड्या साडेनऊला हलतात. घाटातल्या कोंडीतून वाट काढत वर पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजतात. सहा जणांत दोन बाटल्या पाणी असतं, त्यातली एक गाडीतच राहिलेली असते.

अशा सहलीत फारसं काही बिघडलं नाही, तर डोकं दुखण्यावर भागतं. पण दर उन्हाळ्यात गडावर कुणाला तरी भोवळ येते, कुणावर मधमाश्या तुटून पडतात, धरणाच्या पाण्यात उतरलेलं कुणी परत येत नाही. यातल्या बऱ्याच घटनांमागे ठिकाणापेक्षा वेळ चुकलेली असते.

मार्च आणि एप्रिल हे फिरायला वाईट महिने नाहीत. उलट काही जागा याच दिवसांत नीट बघता येतात. फक्त पावसाळी सहलीचं गणित इथे चालत नाही. उन्हाळ्याचं गणित काय आहे आणि पुण्याहून एका दिवसात कुठे जाता येतं, ते समजून घेऊ.

दिवसातले नेमके किती तास हातात असतात?

पुण्यात मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. एप्रिलच्या मध्यात सव्वासहाला आणि मे महिन्याच्या मध्यात सहाच्या सुमारास. म्हणजे दोन महिन्यांत सकाळ जवळपास पाऊण तास अलीकडे सरकते. संध्याकाळ मात्र तेवढी लांबत नाही. मार्चमध्ये पावणेसातला मावळणारा सूर्य मेमध्ये सातला मावळतो. उन्हाळ्यात हाताशी येणारा जास्तीचा उजेड मुख्यतः पहाटेचा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर. पण हवा सर्वांत जास्त तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी. जमीन आणि खडक आधी तापतात आणि मग ते हवा तापवतात. त्यामुळे 'बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल' हा हिशेब चुकतो. खरा त्रास दोन ते चार या वेळात होतो.

यावरून सोपा नियम निघतो. सकाळी ११ नंतर आणि दुपारी ४ च्या आधी उघड्यावर चढण, गड, पठार किंवा नदीपात्र नको. त्या पाच तासांत लेणी, सावलीचं देऊळ, जेवण, प्रवास किंवा सरळ घर. हा नियम धरला, की एक दिवसाची सहल खरं तर अर्ध्या दिवसाची होते. पहाटे पाचला निघून बाराला घरी, किंवा तीनला निघून रात्री नऊला घरी. यातला एकच अर्धा भाग निवडायचा.

अंतर किती असावं?

उन्हाळ्यात किलोमीटर मोजण्यापेक्षा प्रवासाचे तास मोजा. जाणं-येणं मिळून चार तासांपेक्षा जास्त होत असेल, तर सकाळचा गार वेळ गाडीतच संपतो. पुण्याहून पहाटे निघालं, तर दोन तासांत साधारण नव्वद-शंभर किलोमीटर जाता येतं. त्याच रस्त्याला सकाळी नऊनंतर किती वेळ लागेल, याचा नेम नाही.

उंचीचाही विचार करा. साधारण एक किलोमीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड सुमारे १३०० मीटरवर. म्हणजे गडावर शहरापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान मिळू शकतं, शिवाय वारा असतो. पाचगणीलाही असाच फरक पडतो. लोणावळा मात्र सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यातल्या आठवणींवर विसंबून एप्रिलच्या दुपारी गारव्यासाठी लोणावळ्याला गेलात, तर निराशाच पदरी पडेल.

एक धोका इथे लपलेला आहे. गार वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो आणि तहान जाणवत नाही. पण ऊन तेवढंच असतं. गडावर बरं वाटलं आणि खाली आल्यावर चक्कर आली, असं होतं ते यामुळे.

मार्च-एप्रिलमध्येच जावं अशी ठिकाणं कोणती?

निघोजचे रांजणखळगे (सुमारे ९० किलोमीटर). शिरूरमार्गे जाता येतं. कुकडी नदीच्या पात्रात बेसॉल्टच्या कातळाला रांजणाच्या आकाराचे खोल खळगे पडलेले आहेत. प्रवाहात अडकलेले दगडगोटे भोवऱ्यात गरगर फिरत राहिले आणि त्यांनी हजारो वर्षांत कातळ कोरून काढला. नदी भरून वाहत असताना हे नीट दिसत नाही. पाणी उतरलं की दिसतं. पण काळा कातळ झपाट्याने तापतो, त्यामुळे सातपर्यंत पोहोचून साडेनऊपर्यंत निघायला हवं. खळग्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि काही खळगे बरेच खोल आहेत. काठावर उभं राहून सेल्फी काढायची ही जागा नाही. कुकडीवर धरणं आहेत, तेव्हा पाणी सोडलंय का, हे गावात विचारूनच पात्रात उतरा. शेजारीच मळगंगा देवीचं देऊळ आहे. चैत्रात तिची यात्रा भरते, तेव्हा गर्दी प्रचंड असते.

भिगवण (सुमारे १०० किलोमीटर). उजनी धरणाच्या फुगवट्यावर येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला सोलापूर रस्त्याने इथे गर्दी होते. थंडीतली बदकं मार्चमध्ये परतू लागतात. पण पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडतो आणि रोहितांना तेच हवं असतं. कुंभारगाव, डिकसळ परिसरातून स्थानिक नावाडी होडीने नेतात. होडी सूर्योदयाच्या वेळची ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. थव्याच्या अगदी जवळ नेण्याचा आग्रह धरू नका. फोटोसाठी उडवलेल्या पक्ष्यांचं खाणं मोडतं. धरणाची पातळी फारच खाली गेली, तर पळसदेवजवळ पाण्याखाली गेलेलं जुनं पळसनाथाचं देऊळही उघडं पडतं. ते बघायला लोकांची रीघ लागते खरी, पण देऊळ दिसणं म्हणजे धरणात पाणी कमी असणं. आसपासच्या गावांसाठी ते टंचाईचे दिवस असतात.

मयूरेश्वर अभयारण्य, सुपे (सुमारे ७० किलोमीटर). अवघ्या पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे माळरान चिंकारा हरणांसाठी राखलेलं आहे. पिवळ्या गवतात त्याच रंगाचं हरीण शोधायला नजर बसावी लागते. चिंकारे सकाळी लवकर चरायला बाहेर येतात आणि ऊन चढलं की खुरट्या झाडांच्या सावलीला जातात. त्यामुळे इथेही सात-साडेसातची वेळ उत्तम. परतताना मोरगाव आणि जेजुरी वाटेवर आहेत. पण जेजुरीच्या पायऱ्या दुपारी अनवाणी चढायच्या म्हणजे तळपायांना चटके बसणारच. जेजुरी करायचीच असेल, तर उलट क्रम लावू नका, दोन वेगळे दिवस काढा.

ऊन चढल्यावरही चालतील अशा जागा

भाजे आणि कार्ले लेणी (सुमारे ६० किलोमीटर). गाडी नसलेल्यांसाठी ही सर्वांत सोयीची सहल. पुणे-लोणावळा लोकलने साधारण सव्वा तासात मळवली स्टेशनला उतरायचं. स्टेशनच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याला चालत जाता येतं. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठं मानलं जातं आणि त्याच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत. आत गारवा असतो, पण दोन्हीकडे पायऱ्या उघड्यावरच चढाव्या लागतात. त्या दहाच्या आत चढा. कार्ल्याला एकवीरा देवीचं देऊळ लागूनच आहे. चैत्र शुद्ध सप्तमीच्या आसपास कोकणातून आगरी-कोळी समाजाचे भाविक मोठ्या संख्येने येतात. यात्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, लेणी निवांत बघायची असतील तर तो आठवडा टाळा. दुपारच्या वेळेत लोकल कमी असतात. परतीची गाडी बघूनच घर सोडा.

भुलेश्वर (सुमारे ५० किलोमीटर). सोलापूर रस्त्यावर यवतजवळून वळायचं. दौलतमंगळ किल्ल्याच्या आवारातलं हे यादवकाळातलं शिवमंदिर डोंगरावर असलं, तरी गाडी जवळपर्यंत जाते. आत अंधार आणि गारवा. भिंतींवर शिल्पांची दाटी आहे. त्यात स्त्रीरूपातला गणपतीही आहे आणि तो शोधायला मोबाइलचा टॉर्च लागतो. ज्येष्ठांना घेऊन जायला ही चांगली जागा.

वाई-मेणवली (सुमारे ९० किलोमीटर). ढोल्या गणपतीचं दर्शन, कृष्णेचे घाट आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा. मेणवलीच्या घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली आहे. वरती पाचगणीला स्ट्रॉबेरीचा हंगाम मार्चपर्यंत जोरात असतो, एप्रिलमध्ये सरत जातो. मेच्या सुटीत पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. जायचं तर परीक्षा संपायच्या आत.

सिंहगड आणि पुरंदरचं काय?

सिंहगड उन्हाळ्यातही जमतो. पण पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी चढायचं असेल, तर उजाडताना चढायला सुरुवात करून दहाच्या आत खाली यावं. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सकाळीही मिळतं. शनिवार-रविवारी वरचं पार्किंग भरलं की गाड्या खालीच थांबवल्या जातात. मग उन्हात घाटात अडकून राहावं लागतं. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, हा जास्त शहाणपणाचा पर्याय.

पुरंदर लष्कराच्या हद्दीत आहे. प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि ओळखपत्र लागतं. पहाटेचा बेत तिथे जमत नाही. त्यामुळे पुरंदर थंडीसाठी राखून ठेवलेला बरा. राजगड आणि तोरण्यासारख्या लांब चढणीच्या गडांचंही तेच. सवय नसेल, तर एप्रिलमध्ये त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पहाटे उठणं जमतच नसेल तर?

मग संध्याकाळ पकडा. साडेचार-पाचला निघून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढा आणि शहरावर उतरणारी संध्याकाळ बघा. शहराबाहेर पडायचं तर मार्चमध्ये पळस आणि पांगारा फुललेला दिसतो, एप्रिलच्या अखेरीपासून बहावा पिवळाधमक होतो. घाटरस्त्यांवर करवंदांचे द्रोण येतात, ताडगोळे मिळतात. उन्हाळ्याची सहल यासाठीही काढता येते.

हवामानाचा अंदाज नेमका कसा वाचायचा?

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर ती उष्णतेची लाट. किनारपट्टीवर हा उंबरठा ३७ अंशांचा आणि डोंगराळ भागात ३० अंशांचा आहे. जिल्ह्याला पिवळा इशारा असेल, तर सहल सकाळपुरती ठेवा. नारिंगी किंवा लाल असेल, तर पुढे ढकला. 'मौसम' अ‍ॅपवर हे इशारे दिसतात.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे वळीव. दुपारनंतर ढग भरून येतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि विजा पडतात. पठारावर किंवा गडाच्या माथ्यावर अशा वेळी माणूसच आसपासची सर्वांत उंच वस्तू असतो. पुण्याच्याच आयआयटीएम संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' अ‍ॅप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा. एकट्या झाडाखाली थांबू नका.

सोबत काय हवं?

माणशी किमान तीन लिटर पाणी. चढताना तासाला अर्धा लिटर सहज लागतं आणि गडावरची टाकी उन्हाळ्यात आटलेली किंवा पिण्याजोगी नसलेली असू शकतात. नुसतं पाणी पुरत नाही, घामावाटे मीठही जातं. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. ताक, कोकम सरबत, कैरीचं पन्हं हेही चालतं. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद कडांची टोपी किंवा उपरणं आणि पायात धरून बसणारे बूट घाला.

स्वच्छतागृहांचा प्रश्न बहुतेक ठिकाणी आहेच. त्यामुळे अनेक जणी सहलीत पाणी कमी पितात आणि नेमका त्यांनाच उन्हाचा त्रास होतो. वाटेतला पेट्रोल पंप किंवा बरं हॉटेल आधीच ठरवून ठेवा आणि तिथे सगळेच थांबा.

आणि उन्हात उभ्या गाडीत मूल, आजी-आजोबा किंवा कुत्रा 'पाच मिनिटांसाठी' ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी वाढू शकतं.

कुणाला त्रास झाला तर?

खूप घाम, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे अशी सुरुवात असते. इथेच थांबायचं. सावलीत बसवून, कपडे सैल करून, घोट घोट ओआरएस द्यायचं. तासाभरात बरं वाटलं, तरी त्या दिवशी पुढे चढायचं नाही.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, अंग भाजल्यासारखं गरम झालं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं आणि यात जीव जातो. १०८ वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

या तीन चुका जिवावर बेततात

पहिली म्हणजे धरणात उतरणं. खडकवासला, पानशेत, पवना, मुळशी, कुठलंही घ्या. काठावर गुडघाभर असलेलं पाणी दोन पावलांवर एकदम खोल होतं, खाली गाळ असतो. पोहता येणारेही यात अडकतात. कुणी बुडत असेल, तर मागोमाग उडी मारू नका. ओढणी, दोर, रिकामा कॅन, लांब काठी फेका, ओरडून गावकऱ्यांना बोलवा आणि ११२ वर फोन करा. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, असं अनेकदा घडलेलं आहे.

दुसरी म्हणजे आग्या मोहोळाखाली गोंधळ घालणं. गडांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारींत ही पोळी असतात. धूर, दगड, मोठा आवाज आणि उग्र अत्तर यांनी माश्या उठतात. उठल्याच, तर तोंड झाकून दूर पळा, हात झटकत उभे राहू नका. अनेक डंख असतील, तर लगेच दवाखाना गाठा.

तिसरी म्हणजे आग. वाळलेल्या गवतात एक सिगारेटचं थोटूक किंवा अर्धवट विझवलेली चूल पुरते. वणव्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी, कोवळी रोपं, गावाचा चारा, सगळं जातं. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचा मेसेज

उदाहरणार्थ निघोजचा बेत असेल, तर मेसेज असा असावा:

"उद्या पहाटे ५ ला गाडी निघेल, ५:१५ पर्यंत थांबू. ७ ला निघोज, ९:३० ला परत. नाश्ता शिरूरला, १२:३० पर्यंत घरी. माणशी ३ लिटर पाणी, टोपी, बूट. पात्रात पाणी सोडलं असेल तर देवीचं दर्शन घेऊन परत फिरायचं. नारिंगी इशारा आला तर बेत रद्द, पुढच्या रविवारी बघू. घरी एकाला तरी सांगून या, कुठे जातोय आणि कधी परत येणार."

यातलं 'परत फिरायचं' आणि 'बेत रद्द' आदल्या रात्रीच ठरलेलं असलं, की भर उन्हात पायथ्याशी उभं राहून वाद घालावा लागत नाही.